जुन्या पद्मिनीचा कॅम वाचवायचा, तर ऑइलमध्ये काय आणि किती घालावं

ऑइलमध्ये वरून घालायच्या रसायनाची, म्हणजे अ‍ॅडिटिव्हची, बाटली विकत आणण्याआधी टॅपेट (कॅम आणि वॉल्व्ह यांच्या मधला दट्ट्या) सेट करताना प्रत्येक वॉल्व्हची फट वहीत लिहून ठेवा. एकाच वॉल्व्हची फट दर महिन्याला सैल निघत असेल, तर त्याचा टॅपेट किंवा लोब (कॅमच्या दांड्यावरचा, वॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजत चाललाय. तिथे कुठलंच अ‍ॅडिटिव्ह चालत नाही. नवा कॅम टाका आणि त्यासोबत आठही टॅपेट नवे टाका. जुने टॅपेट नव्या कॅमवर बसवले, तर नवा कॅमही खाल्ला जातो.

कॅम चांगला असेल तर पुढचं वाचा. गरम इंजिनातून जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला.

आता निवड. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात टॅपेटचा तळ थेट लोबवर घासतो, मध्ये रोलर नाही. तिथे ऑइलची फिल्म तुटली की झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसचं रसायन कामाला येतं. उष्णतेने आणि दाबाने त्याचा थर धातूवर बसतो, तो थर झिजतो आणि लोखंड वाचतं. पण फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग, खराब होतो. म्हणून २००४ च्या एपीआय एसएम या ऑइलच्या दर्जापासून १०डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसला ८०० पीपीएमची (दहा लाख भागांत ८०० भाग) मर्यादा आली. २०डब्ल्यू-५० या जाड ग्रेडला ही मर्यादा लागू नाही. तेव्हा आधी आपल्या ऑइलची डेटा शीट (कंपनीचा माहितीचा कागद) काढा. फॉस्फरस १००० ते १२०० पीपीएम असेल तर वरून काहीही घालू नका. गाडीला कन्व्हर्टर असेल तरीही नको.

मी फसलो ते इथेच. दुकानदाराने मधासारखी घट्ट बाटली दिली, ‘आवाज बंद होईल’ म्हणाला. आवाज खरंच बसला, आणि मी निर्धास्त झालो. सहा महिन्यांनी इंजिन उघडलं तर एका टॅपेटच्या तळाला नख अडकेल एवढे खड्डे. घट्ट ऑइलने फक्त खडखड दाबली होती, झीज आत चालूच होती. म्हणून ‘आवाज कमी’, ‘धूर बंद’ किंवा टेफ्लॉन असं लिहिलेली बाटली मी हातात धरत नाही. फॉस्फरस किती टक्के आहे हे जी कंपनी लिहीत नाही, तिची बाटली दुकानातच राहू द्या.

मापही अंदाजाने घेऊ नका. ४ लिटर ऑइलचं वजन साधारण साडेतीन किलो. ८०० चे १२०० पीपीएम करायचे, तर त्यात १.४ ग्रॅम फॉस्फरस जायला हवा. अ‍ॅडिटिव्हमध्ये ७ टक्के फॉस्फरस असेल तर २० ग्रॅम पुरे. अख्खी बाटली ओतणारे मेकॅनिक मी पाहिलेत. त्यांना थांबवा, कारण प्रमाण फार वाढलं की हेच रसायन लोखंडाला खायला लागतं. वजनकाट्यावर मोजा, लिटरभर नव्या ऑइलमध्ये ढवळा, मग इंजिनात घाला.

इंजिन आणि क्लच यांचं ऑइल एकच असलेल्या मोटरसायकलमध्ये हा प्रयोग नको. तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, चुकीच्या अ‍ॅडिटिव्हने तो घसरतो.

कॅम नवा असेल, तर लोबांना मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलवर सोडू नका, २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा. ते ऑइल लगेच काढून फिल्टर कापून बघा. फिल्टरच्या कागदाच्या घडीत लोखंडाचे चमकते कण खच्चून भरले असतील, तर गाडी रस्त्यावर न काढता टॅपेट बाहेर काढा.