पगार-अनुदानाच्या योजनेत या चुका टाळा

दर महिन्याच्या १४ तारखेला रात्री साडेनऊनंतर माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कुणीतरी दिवाणजी असतो, आवाज दबका, आणि प्रश्न ठरलेला: "साहेब, नवीन पोरं घेतलीत की आम्ही, मग लाभ का येईना?" पीएफचं मासिक विवरण, म्हणजे ईसीआर, १५ तारखेच्या आत भरायचं असतं. हे त्याला महिनाभर ठाऊक असतं. पण विचारणार १४ च्या रात्री. कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यात पीएफची कामं करता करता माझे केस पांढरे झाले, ते वयानं नव्हे, या १४ तारखांनी.

हे सगळं लिहितोय ते आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेच्या अनुभवावरून. टाळेबंदीनंतर कामगार गावी गेले, ऑर्डरी आटल्या, तेव्हा १२ नोव्हेंबर २०२० ला केंद्रानं ही योजना जाहीर केली आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू धरली. नवा माणूस कामावर घ्या, त्याचा पगार १५,००० पेक्षा कमी असू दे, दोन वर्षं त्याचा पीएफ सरकार भरेल. हजारापर्यंत कामगार असलेल्या कारखान्याला कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, असे पूर्ण २४ टक्के. हजाराच्या वर असतील तर फक्त कामगाराचे १२. नोंदणीची मुदत आधी ३० जून २०२१ होती, ती वाढून ३१ मार्च २०२२ झाली. शेवटी नोंदलेल्यांची दोन वर्षं मार्च २०२४ मध्ये संपली. माझं निस्तरणं मात्र अजून संपलेलं नाही.

त्यातच १ ऑगस्ट २०२५ पासून प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना सुरू झाली. नियम वेगळे, पण चुका करणारे हात तेच. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

"नवा" माणूस म्हणजे तुमच्याकडे नवा नव्हे

सगळ्यात जास्त डोकं उठवलेली चूक हीच. मालकाच्या लेखी काल गेटातून आत आला तो नवा. योजनेच्या लेखी नवा म्हणजे १ ऑक्टोबर २०२० च्या आधी ज्याचा पीएफ कुठंच नव्हता, ज्याला यूएएनच, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबरच, नव्हता, तो. दुसरा प्रकार टाळेबंदीत काम सुटलेल्यांचा: यूएएन आहे, पण १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२० या काळात नोकरी सुटली आणि ३० सप्टेंबरपर्यंत पीएफ लागू असलेल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात तो लागला नाही. या दोन्हींत न बसणारा माणूस कितीही गरजू असला तरी योजनेबाहेर.

एका फाउंड्रीची गोष्ट सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी नऊ जण घेतले. दिवाणजी नुकताच बी.कॉम. झालेला, हुशार, फक्त घाई फार. "दोन मिनिटांत यूएएन काढा" असले व्हिडिओ बघून त्यानं नऊच्या नऊ जणांचे नवे यूएएन एका दुपारी काढले. फॉर्म ११ वर, म्हणजे कामावर लागताना कामगारानं द्यायच्या पीएफच्या माहितीपत्रावर, "याआधी पीएफ सदस्य होता का" असा सरळ प्रश्न असतो. तिथं सगळ्यांच्या नावापुढं "नाही" अशी खूण त्यानं स्वतःच केली. विचारलं एकालाही नाही.

त्यातला फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाचा जादा धातू घासून काढायच्या कामाला, लागलेला एक जण २०१६ पासून दुसऱ्या एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये होता. तिथं त्याचा यूएएन होता, पण नाव "दत्ता" असं लागलेलं आणि आधारवर "दत्तात्रय". त्यामुळं आधार कधी जोडलंच गेलं नव्हतं, आणि म्हणूनच नवा यूएएन काढताना संगणकाला जुना दिसला नाही. व्हिडिओवाल्यांना हे माहीत नसतं. संगणकानं अडवलं नाही म्हणजे बरोबर आहे, असं त्यांना वाटतं.

चौदा महिने लाभ सुरळीत आला. पगार ११,५००, त्याचे २४ टक्के २,७६० दरमहा. मग त्यानं घराचा पत्रा बदलायला जुन्या खात्यातले पैसे काढायचं ठरवलं. तिथं आधार जोडायला गेला तर उत्तर आलं की हे आधार दुसऱ्या यूएएनला जोडलेलं आहे. तिथून धागा सुटत गेला. त्यानं जुनी नोकरी २० फेब्रुवारी २०२० ला सोडली होती. मार्च उजाडायच्या दहा दिवस आधी! तो ना पहिल्या प्रकारात बसत होता ना दुसऱ्या. टाळेबंदीत हा गडी उसाच्या शेतात राबला, त्याच्याइतकी मदतीची गरज त्या नऊ जणांत कुणालाच नव्हती, हे मलाही मान्य आहे. पण तारीख म्हणजे तारीख.

मालकानं ३८,६४० रुपये व्याजासकट परत भरले. ती रक्कम त्या फाउंड्रीला जड नव्हती. पण कामगाराची जवळपास चार वर्षांची जुनी सेवा अधांतरी लटकली. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि ती तुकड्यातुकड्यांत वेगवेगळ्या यूएएनवर पडून राहिली तर कामाची नाही. नावाची दुरुस्ती, जुन्या मालकाची सही, जुनं खातं नव्यात वर्ग करणं, यात साडेचार महिने गेले. जुना मालक सही द्यायला तीन वेळा "उद्या या" म्हणाला. पत्रा त्यानं शेवटी पतसंस्थेचं कर्ज काढून बदलला.

माझी सवय सांगतो. मी नव्या माणसाला "आधी पीएफ होता का" असं विचारतच नाही. "नाही" हेच उत्तर येतं, कारण त्याला वाटतं "हो" म्हटलं तर नोकरी जाईल. मी विचारतो, "याआधी कुठं होतास? पगारातून काही कापायचे का? मोबाइलवर पीएफचा मेसेज यायचा का?" चहा पीत विचारायचं. पाच मिनिटांत सगळा इतिहास बाहेर येतो.

आता नवा यूएएन सरकारच्या उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, त्यामुळं हा घोळ कमी होईल. पण फॉर्म ११ वर दुसऱ्याच्या वतीनं खूण करणारे दिवाणजी कमी होतील असं मला वाटत नाही.

कामगाराचा हिस्सा सरकार भरतंय, मग कापताय कशाला?

ही चूक नव्हे, पाप आहे. पण नव्वद टक्के वेळा ते पाप पगाराचं सॉफ्टवेअर करतं आणि माणूस नुसता बघत बसतो.

इचलकरंजीजवळच्या एका गारमेंट युनिटमधून एक बाई माझ्याकडं आल्या. शिलाई मशीनवर काम, पगार १०,०००. प्लास्टिकच्या पिशवीत अकरा महिन्यांच्या पगारपावत्या व्यवस्थित लावून आणलेल्या. प्रत्येक पावतीवर पीएफ कपात १,२००. त्यांचा भाचा कॉलेजात, त्यानं पीएफचं पासबुक उघडून बघितलं आणि योजनेची माहिती वाचली. त्यांचा प्रश्न साधा होता: "सरकारनं भरलेत तर माझे कुठं गेले?"

मी मालकाला फोन लावला. माणूस वाईट नाही, दिवाळीला बोनस वेळेवर देणारा. म्हणाला, "अहो, कापलं नाही तर हिशेब कसा जुळायचा?" म्हणजे ईसीआरमध्ये लाभ घेतला, सरकारनं २४ टक्के जमा केले आणि पगारपत्रकात १२ टक्क्यांची कपात आधीच्यासारखीच चालू. अशा चौदा बायका, प्रत्येकी १,२००, अकरा महिने. १,८४,८०० रुपये कामगारांचे, मालकाच्या खात्यात. त्याला ते नफ्यात आल्यासारखे वाटलेही नव्हते, इतका तो गाफील होता. पण चौकशीला आलेला अधिकारी गाफीलपणा आणि लबाडी यांच्यात फरक करत बसत नाही. कागद दोन्हीचा एकच दिसतो.

सगळे पैसे एका दिवसात बँकेतून परत द्यायला लावले, रोख नाही. रोख दिले म्हणजे दिलेच नाहीत असं समजा. प्रत्येकीची सही असलेली यादी केली.

याचा उपाय कंटाळवाणा आहे. लाभ सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यात एका कामगाराची पगारपावती, त्याची ईसीआरमधली ओळ आणि त्याचं पासबुक हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. एकाचंच. दहा मिनिटं लागतात. ते न करणारा माणूस पुढं माझी फी भरतो, त्यामुळं माझी तक्रार नाही.

बेसचा आकडा

जुन्या योजनेत सप्टेंबर २०२० च्या ईसीआरमध्ये जितके पीएफ सदस्य, तो तुमचा पाया. पाया ५० किंवा त्याहून कमी असेल तर त्यावर किमान २ नवे माणूस, ५० च्या वर असेल तर किमान ५. लोक हे वाचतात आणि "दोन माणसं घेतली, झालं" म्हणून मोकळे होतात. दोन आले आणि चार गेले त्याचं काय?

पाया ३८ असलेल्या एका वर्कशॉपनं सहा नवे घेतले आणि जुन्या आठ जणांना "काम नाही" म्हणून घरी बसवलं. एकूण ३६. मालक माझ्यावर चिडला, म्हणाला सहा नवे आहेत की डोळ्यांसमोर. मी म्हटलं, सरकार माणसं बदलायला पैसे देत नाही, वाढवायला देतं. जुन्या महागड्या हाताला काढून स्वस्तातला हात आणायचा आणि त्याचा पीएफ सरकारच्या माथी मारायचा, हा डाव योजना करणाऱ्यांनी आधीच ओळखला होता. ही अट मला या सगळ्या योजनेतली सगळ्यात शहाणी अट वाटते.

नव्या योजनेत हीच गोष्ट जास्त कडक आहे. ५० पेक्षा कमी कामगार असतील तर २, ५० किंवा जास्त असतील तर ५ जास्तीचे, आणि ते किमान सहा महिने टिकले पाहिजेत. पहिल्या महिन्यात भरती, तिसऱ्यात सुट्टी, असं चालणार नाही. मी आता दर महिन्याला हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं एकच आकडा लिहायला लावतो: आज एकूण किती. एक्सेलवाले हसतात. हसू देत.

बाकीच्या, थोडक्यात

सोडून गेलेल्याची तारीख न टाकणं. तुम्ही ती टाकली नाहीत तर पुढच्या मालकाला तो माणूस अजून तुमच्याकडंच दिसतो. जानेवारी २०२० पासून कामगाराला स्वतःलाही ही तारीख टाकता येते, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी. पण त्याच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, आणि तिथंच गाडी अडते.

जुन्या योजनेतलं १५,००० "पेक्षा कमी" म्हणजे १५,००० नव्हे. गोल आकड्याचा मोह किती जणांना नडला ते मोजायचं मी सोडून दिलं.

पगाराचे तुकडे करून मूळ पगार खाली दाखवणं. अठरा हजारांतले नऊ मूळ आणि नऊ "विशेष भत्ता". सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०१९ ला विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात स्पष्ट केलंय की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा. तुमचा सल्लागार "सगळेच करतात" म्हणत असेल तर सल्लागार बदला.

बायकोच्या नावानं शेजारच्या गाळ्यात दुसरी फर्म काढून सगळे कामगार "नवे" दाखवणं. गेट एक, वीजजोडणी एक, सुपरवायझर एक. पीएफ कायद्याचं कलम २ए शाखा आणि विभाग मिळून एकच आस्थापना धरतं. हे करणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि काम नाकारतो.

जन्मतारखेचा घोळ. आपल्याकडं अर्धी पिढी १ जूनला जन्मलेली आहे, गुरुजींच्या कृपेनं. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जानेवारी, आधीच्या मालकाकडं तिसरंच काहीतरी. आधारवर आहे तेच यूएएनला लावा, नाहीतर आधी आधार दुरुस्त करून घ्या. नंतर बघू म्हणू नका. १ सप्टेंबर २०२१ पासून आपल्याकडं आधार न जोडलेल्या यूएएनचा ईसीआरच जात नाही.

सगळंच सरकार भरणार, असं समजणं. जुन्या योजनेतही प्रशासन शुल्क आणि विम्याचे, म्हणजे ईडीएलआयचे, पैसे मालकाचेच होते. शिवाय योजनेत न बसणाऱ्या कामगारांची वर्गणी भरल्याशिवाय बसणाऱ्यांचा लाभही येत नव्हता. ती उशिरा भरली तर कलम ७क्यू खाली १२ टक्के व्याज, आणि कलम १४बी खाली दंड वेगळा. इथून चार रुपये वाचवायला जाऊन तिकडं दहा भरणारे मी पाहिलेत.

आणि बँक खातं. नव्या योजनेत मालकाला मिळणारे पैसे पॅनशी जोडलेल्या खात्यात येतात. भागीदारी फर्मनं मोठ्या भावाच्या वैयक्तिक खात्याची वाट बघत बसू नये.

फॉर्म ११ कागदावर घ्या, कामगाराच्या सहीनं, आणि फायलीत लावा. मोबाइलमधला फोटो चालवून घेऊ नका. दिवाणजी नोकरी सोडतो तेव्हा मोबाइल बरोबर घेऊन जातो.