उन्हाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर आवाजामुळे जळत नाही : या चुका टाळा

मे अखेरचा नवतपा लागला की आमच्या दुकानात जळालेल्या अ‍ॅम्प्लिफायरची रांग लागते. आणणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "कालपर्यंत मस्त वाजत होता भाऊ, आवाजबी जास्त नव्हता." तो खोटं बोलत नाही. गोम तिथेच आहे.

नेहमीचा घरगुती अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात जास्त तापतो तो आवाज मध्यम असताना, फुल्ल असताना नाही. फुल्ल आवाजात ट्रान्झिस्टर (स्पीकरकडे वीज सोडणारा भाग) पूर्ण उघडतो आणि बरीच शक्ती स्पीकरमध्ये जाते. मधल्या आवाजात तो अर्धवट उघडा राहतो आणि उरलेला विजेचा दाब (व्होल्ट) स्वतःच्या अंगावर घेतो. २४-०-२४चा (दोन्ही बाजूंना २४-२४ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर असेल तर आत अधिक-उणे ३२ व्होल्टच्या आसपास डीसी तयार होतो. त्यावर ८ ओहमचा एक स्पीकर असला तर एका चॅनलची उष्णता वाईटात वाईट २६ वॅटपर्यंत जाते. आता घरोघरी होणारी चूक बघा. पोळ्याला किंवा भजनाला ओसरीत आवाज जावा म्हणून त्याच टोकांना दुसरा ८ ओहमचा स्पीकर जोडला जातो. दोन्ही समांतर झाले की ४ ओहम उरतात आणि उष्णता होते ५२ वॅट.

तुमच्या हीटसिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांचा) हिशोब दर वॅटला १ अंश असेल, तर ५२ वॅटला तो भोवतालच्या हवेपेक्षा ५२ अंशांनी वर जाणार. डिसेंबरात सकाळी १५ अंशांत तो ६७ वर थांबेल. मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४५ असतात, तिथे तोच हीटसिंक ९७ वर जातो, आणि ट्रान्झिस्टरच्या आतला जीव त्याहून गरम असतो. म्हणून हिवाळ्यात वर्षानुवर्षं चाललेली जोडणी उन्हाळ्यात एका रात्रीत जाते. दुसरा स्पीकर हवाच असेल तर सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडा. आवाज थोडा कमी होईल, मशीन वाचेल.

यावर लोकांचा उपाय म्हणजे कूलर. मशीन थेट कूलरच्या झोतात ठेवतात. आमच्या विहिरीचं पाणी जड. ओल्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते आणि तिच्यासोबत बारीक तुषार आले तर क्षारही येतात. दोन उन्हाळ्यांत बोर्डावर पांढरा थर आणि पायांना गंज. मशीन झोतापासून बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. हीटसिंकच्या पात्या उभ्या राहतील असं बसवा, कारण गरम हवा वर जाते आणि आडव्या पात्या तिला अडवतात. कोनाड्यात किंवा काचेच्या आलमारीत ठेवून वर विणलेला रुमाल घालू नका. रुमाल शोभेचा असतो हे मान्य, पण वरची जाळी तोच झाकतो.

कापसाचं घर असेल तर आणखी एक गोष्ट. भाव येईपर्यंत वेचलेला कापूस खोलीत भरून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, आणि टीव्ही, वूफर त्याच खोलीत असतो. त्याचे तंतू पात्यांमध्ये असे बसतात की उघडल्यावर आत गोधडी दिसते. हवा अडते ते वेगळं, ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको. कापूस असेपर्यंत मशीन दुसऱ्या खोलीत न्या. दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा कोरड्या ब्रशने झाडा. त्याआधी प्लग काढून थोडा वेळ थांबा. मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) लाईन गेल्यावरही चार्ज धरून असतात. आत पाल मेलेली सापडली तर दचकू नका, हिवाळ्यात तिला उबेची जागा हवी असते.

आता लाईनकडे, म्हणजे घरात येणाऱ्या विजेकडे. कागदावर २३० व्होल्ट. जिथे गावठाणाचा फीडर (विजेची मुख्य तार) शेतीपंपांपासून वेगळा झालेला नाही, तिथे रब्बीत गहू-हरभऱ्याचे पंप सुरू झाले की मी स्वतः १८० मोजले आहेत, आणि पंप बंद पडले की त्याच डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) २६०. लोकांना धास्ती डिम, म्हणजे कमी दाबाच्या लाईनची. मला जास्त भीती वाटते ती रात्रीच्या चढ्या लाईनची.

कारण साधं आहे. ट्रान्सफॉर्मरमधली २४ व्होल्टची वाइंडिंग (तारेचं वेटोळं) २६० वर २७ देते. त्याचा शिखरबिंदू १.४१४ पट, म्हणजे ३८. एसीचा डीसी करणाऱ्या डायोडचे १.४ वजा केले तरी ३७ उरतात. आत ३५ व्होल्टचा कपॅसिटर बसवलेला असतो, कारण तो स्वस्त आणि लहान. तो फुगतो, डोकं फाडतो आणि मग लोक कंपनीला शिव्या देतात. ५० व्होल्टचाच घ्या, ८५ऐवजी १०५ अंशांचा घ्या आणि हीटसिंकपासून लांब बसवा. कपॅसिटर दर १० अंश जास्त तापला की आयुष्य साधारण निम्मं होतं.

डिम लाईनला आवाज बसतो, सोबत गुणगुण येते. ग्राहक म्हणतो अर्थिंग खराब. बहुतेक वेळा दोष ७८१२ या रेग्युलेटरकडे (१२ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागाकडे) असतो. त्याला १२ व्होल्ट द्यायला साडेचौदाच्या आसपास लागतात. १२ व्होल्टच्या वाइंडिंगवर १८०ला त्याच्याकडे जेमतेम १२ पोचतात, म्हणून तो हात वर करतो आणि गुणगुण थेट आवाजाच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे प्रीअ‍ॅम्पमध्ये उतरते. त्या भागाला १५ व्होल्टची वाइंडिंग द्या. १८० वरही १५ मिळतात. मात्र २६० ला २२च्या वर जातात, तेव्हा ७८१२ला छोटा हीटसिंक लावाच.

साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवालं मशीन चालवू नका. शिखर कमी असल्याने दम जातो, वर ट्रान्सफॉर्मर भणभणतो.

शेवटी फ्यूज. माझ्या पहिल्या जोडणीत टीडीए २०३० ही आवाज वाढवणारी आयसी मी अभ्रक (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) न लावता थेट चासीला, म्हणजे पेटीच्या पत्र्याला, कसली होती. तिच्या पाठीच्या पत्र्यावर उणा सप्लाय असतो हे माहीत नव्हतं. फ्यूज गेला. मी वायरीतली तांब्याची एक तार घातली, आणि ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. तेव्हापासून तार घातलेलं मशीन दिसलं की आधी ती काढतो. ठरलेल्या अँपिअरचाच फ्यूज बसवा. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावा, पण पातळ. लोण्यासारखी थापली तर उष्णता उलट अडते.

दुरुस्तीनंतर थेट लाईन देऊ नका. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा, एलईडी चालत नाही. तो क्षणभर लकाकून मंद झाला तर बरं आहे. लख्ख पेटून राहिला तर बटण बंद करा आणि ट्रान्झिस्टर पुन्हा खोला.