टिनाच्या शेडमध्ये जादा दिवे लावताना

दारात एक बल्ब आणि मागे ट्रॅक्टरपाशी काळोख, ही आपल्याकडच्या बहुतेक शेडांची गत. 20 वॅटच्या चार एलईडी ट्यूब लावल्या तरी 230 व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. म्हणून 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 6 अँपिअरची एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) भरपूर झाली. जाड वायरीवर पैसे घालू नका, ते 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीत (करंट गळला की लाइन तोडणारा खटका) घाला. वेल्डिंग मशीन या लाइनवर अजिबात नको.

वायरचा पाइप आणि ट्यूब आधी ठोकून घ्या. टिनाच्या कडेला उघडी वायर टेकता कामा नये.

आता लाइन बंद करणं. “लाइन गेली की काम उरकून घ्या” असं सांगणाऱ्याचं ऐकूच नका, ती कधी येईल याचा भरवसा नाही. मेन पाडा. पण घरी इन्व्हर्टर असेल तर मेन पाडताच तो आपोआप सुरू होतो, म्हणून तोही बंद करा. मेनपाशी घरचा माणूस बसवा. मग फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थिंग मल्टिमीटरने तपासा. नुसत्या टेस्टरवर जाऊ नका. लाकडी स्टुलावर उभं राहिलं की तो मंद पेटतो आणि उन्हात दिसतच नाही. मीटर आधी चालू बोर्डावर लावून पाहा, तो बरोबर आहे हे कळू द्या.

मला सगळ्यात जड गेलं ते जुन्या वायरिंगमधला फेज ओळखणं. लाल म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल, हे नव्या कामात. जुन्या शेडमध्ये हाताला येईल ती वायर जोडलेली असते. बटन बंद केल्यावरही एलईडी रात्री मिणमिणत असेल तर लोक बल्ब बदलायला सांगतात. बहुतेक वेळा दोष बल्बचा नसतो, बटन न्यूट्रलवर बसवलेलं असतं. म्हणजे बटन बंद, तरी होल्डरमध्ये फेज जिवंत. लोखंडी शिडीवर चढून कुणी ओल्या हाताने बल्ब काढला तर काय होईल, सांगायला नको. बटन फेजवर घेतल्याशिवाय त्या लाइनवर एकही नवा दिवा जोडू नका.

जोड जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टरनेच. पीळ देऊन टेप गुंडाळायची नाही. मे महिन्यात टिनाखाली टेपचा गोंद सुटतो, आणि वेचणीनंतर त्याच जोडाखाली कापूस रचलेला असतो. ठिणगीला तेवढं पुरतं.

शेडचा लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

मेन बोर्डावरची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि तो जायच्या आधी आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबा. खटका पडला नाही तर ती बदलेपर्यंत शेडची लाइन बंदच ठेवा.