आल्याच्या फसफसत्या पेयासाठी दाब सांगणारी बाटली

जिंजर बीअरचे, म्हणजे आल्याच्या आंबवलेल्या फसफसत्या पेयाचे, तयार किट संपल्यावर घरच्या आल्यापासून आणि साखरेपासून पेय करू लागले, की ठाण्याच्या एप्रिल-मेमधील उकाड्यात पहिली अडचण येते ती बाटलीतील दाबाची, कारण आंबताना होणाऱ्या वायूने दाब वाढतो आणि कृतींत थंड खोली गृहीत धरून सांगितलेले आंबवण्याचे दिवस येथे लागू पडत नाहीत. (खरी बिअर घरी करण्याचा विचार मात्र सोडावा, महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती करणे हा गुन्हा आहे.)

१. पेय बाटल्यांत भरताना त्यांपैकी एक बाटली सोड्याची, स्वच्छ धुतलेली प्लॅस्टिकची घ्यावी आणि सर्व बाटल्यांत वर दोन बोटे जागा ठेवावी.

२. सर्व बाटल्या एकाच सावलीच्या जागी ठेवून सकाळ-संध्याकाळ प्लॅस्टिकची बाटली बोटांनी दाबून पाहावी.

३. ती न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक लागताच, मग एकच दिवस झालेला असला तरी, सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये हलवाव्यात. थंडीने आंबणे मंदावते, पूर्ण थांबत नाही. म्हणून पेय आठवडाभरात संपवावे.

सॉस किंवा सरबताच्या पातळ काचेच्या बाटल्या कधीही वापरू नयेत, कारण वाढलेल्या दाबाने त्या फुटून गंभीर इजा होऊ शकते. माझ्या मते नवख्याने सगळ्याच बाटल्या प्लॅस्टिकच्या घ्याव्यात.