शेवट आधीच माहीत असलेलं पुस्तक कसं वाचायचं आणि त्यावर लिहायचं कसं

माझा रोमान्स कादंबरीवरचा पहिला रिव्ह्यू अजून कुठेतरी पडलेला असेल आणि तो कोणाच्या हाती लागू नये एवढीच प्रार्थना. दोन स्टार दिले होते, कारण काय तर "शेवट पहिल्या पानावरच कळला". वहिनीने वाचला आणि म्हणाली, अगं मोदक फोडलास आणि तक्रार काय, तर आत गूळखोबरं निघालं? तेव्हा राग आला होता पण बरोबर बोलली ती.

रोमान्स म्हणजे काय याची रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने केलेली व्याख्या दोनच अटींची आहे: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम पाहिजे आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा पाहिजे. वाचणारे लोक त्या शेवटाला एचईए म्हणतात, हॅपिली एव्हर आफ्टर, आणि लग्नबिग्न न होता "सध्या तरी छान चाललंय" वर संपलं तर एचएफएन, हॅपी फॉर नाऊ. नायक शेवटी मेला तर ते पुस्तक चांगलं असू शकतं, रडवेल पण, फक्त ते रोमान्स म्हणून विकलेलं असेल तर वाचक फसवल्यासारखा चिडतो आणि रिव्ह्यूत ते (स्पॉयलरची, म्हणजे पुढे गोष्ट फुटणार आहे अशी सूचना देऊन) सांगायलाच पाहिजे. तर मुद्दा असा की "एकत्र येतील का" हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारलेलाच नाहीये. प्रश्न हा की अजून का येत नाहीयेत, आणि जे आडवं येतंय ते खरं आहे का.

पामेला रेजिस नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी २००३ मध्ये रोमान्स कादंबरीत असाव्याच लागतात अशा आठ गोष्टी मांडल्या. भोवतालचा समाज, दोघांची भेट, अडथळा, ओढ, कबुली, आता सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, मग काहीतरी उमजणं आणि शेवटी एकमेकांना दिलेला शब्द. क्रम बदलतो, एखादी गोष्ट दोनदा येते, चालतं. पहिल्यांदा वाचताना हे आठही एका कागदावर लिहून पुस्तकात खुणा करत जा, दोनतीन पुस्तकांत सवय होते आणि मग कागद लागत नाही. मी आता फक्त अडथळा बघते, कारण पुस्तक फसलं असेल तर बहुतेक वेळा तिथेच फसलेलं असतं.

त्यासाठी माझी घरगुती टेस्ट आहे. मी ठाण्याहून वाशीला ट्रान्स हार्बर लोकलने जाते, अर्ध्या तासाचा प्रवास, आणि वाचते ते तेव्हाच. तर स्वतःला विचारायचं, हे दोघं ऐरोलीला गाडीत बसले आणि घणसोली येईपर्यंत नीट बोलले, तर कादंबरी संपेल का? मध्ये फक्त रबाळे आहे, पाचसात मिनिटं म्हणा. तेवढ्यात संपत असेल तर अडथळा कच्चा, लेखिकेने तो पानं भरायला धरून ठेवलाय. तिने त्याला बहिणीसोबत बघितलं, गैरसमज झाला, आणि पुढची ऐंशी पानं फोन उचलत नाही, असलं काहीतरी. पण थांबा, न बोलण्याचं कारण आधीच पेरलेलं असेल, म्हणजे याआधी ती खरं बोलली तेव्हा काय झालं होतं हे आपण पाहिलंय, तर तिचं गप्प बसणं कच्चं नाही, तोच अडथळा आहे. हा फरक रिव्ह्यूत पकडता आला तर अर्धं काम झालं. "मिसकम्युनिकेशन ट्रोप, मला आवडत नाही" एवढं लिहून सोडू नका (ट्रोप म्हणजे पुन्हा पुन्हा वापरला जाणारा ओळखीचा साचा).

आता आपल्याकडे वाचताना एक अडचण येते आणि त्यावर मी बराच वेळ घालवणारे कारण मराठीत लिहिलेल्या रिव्ह्यूंमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. इंग्रजीतल्या हल्लीच्या पुस्तकांत अडथळा बऱ्याचदा आतला असतो. जुनं दुखणं, कोणी सोडून जाईल याची भीती, मी प्रेमाच्या लायक नाही असं वाटणं. नायिकेला स्वतःचं घर आहे, गाडी आहे, आईबाप दुसऱ्या गावात, विचारणारं कोणी नाही. आणि आपण वाचतोय वन बीएचकेत, हॉलमध्ये बाबांची बातम्यांची खणखण चालू, आणि आपल्याला माहितीये की प्रेमातला अडथळा म्हणजे जात, पत्रिका, पगार, आणि भेटायचं तर कुठे. ठाण्यात तलावपाळीला बसलात तर मामेबहीण भेटणार, उपवनला गेलात तर सोसायटीतले काका इव्हनिंग वॉकला. मग वाचक वैतागून लिहितो, "हा काय प्रॉब्लेम आहे का? दोघं मोकळे आहेत, करा की लग्न." असं लिहू नका हो. पुस्तकाने जो समाज उभा केलाय (आठातली पहिली गोष्ट ती हीच) त्याच्या आत तो अडथळा भारी वाटतो का ते तपासा. आणि उलट पण करा, भारतातल्या लेखकांची पुस्तकं वाचताना आईवडिलांचा विरोध आला की आपण लगेच मान डोलावतो, कारण ओळखीचं आहे, पण शेवटच्या प्रकरणात तेच बाबा एका मिठीत विरघळले तर तो अडथळा पुठ्ठ्याचाच होता ना? तिथेही ऐरोली-घणसोली लावा.

लांबी बघून अपेक्षा ठेवा. मिल्स अँड बून ही प्रेमकथा छापणारी कंपनी १९०८ सालची, रद्दीवाल्याकडे ज्यांचे गठ्ठे मिळायचे तीच, त्यांची छोटी पुस्तकं साधारण पन्नास हजार शब्दांची असतात, त्यात मैत्रिणीचं उपकथानक आणि ऑफिसचं राजकारण मागू नये. हल्लीची जाड पुस्तकं त्याच्या दीडदोनपट, तिथे मागा.

वाचताना नोट्स टक्क्यांत ठेवते मी, फोनवर पुस्तक असलं की सोपं पडतं. १२ टक्के, भेटले. ३५, पहिला किस. ७८, ब्रेकअप. या शेवटच्याला थर्ड अॅक्ट ब्रेकअप म्हणतात आणि तो तिथेच येतो ही तक्रार नाही, यायचाच तो, तक्रार तेव्हा करा जेव्हा ७७ टक्क्यांपर्यंत जे माणूस शहाणं होतं ते ७८ ला अचानक बावळट होतं. सोबत एखादं वाक्य उतरवून ठेवा, दोघं बोलतायत असं, कारण केमिस्ट्री होती किंवा नव्हती हे नुसतं सांगून कोणाला पटत नाही, एक ओळ दाखवली की पटतं.

आणि तो विषय, शारीरिक जवळिकीचे प्रसंग. लेडीज डब्यात तुर्भे यायच्या आत नेमकं तेच पान उघडतं आणि शेजारच्या काकूंची मान इकडे वळते, हे सगळ्यांचं झालंय. फोनचा ब्राइटनेस कमी करा. पण रिव्ह्यूत लाजू नका, कारण वाचणाऱ्याला तीच माहिती हवी असते, कोणाला नको असतं म्हणून आणि कोणाला हवं असतं म्हणून. कव्हरवर गोड कार्टून आहे म्हणून आत सगळं सात्त्विक असेल असं अजिबात नाही, मी बहिणीच्या पंधरा वर्षांच्या मुलीला असं एक पुस्तक द्यायला निघाले होते, थोडक्यात बचावले. सरळ सांगा: दार बंद होतं आणि थेट सकाळ होते, की दार उघडं राहतं, आणि असे प्रसंग किती आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या प्रसंगानंतर दोघांच्यात काही बदललं का. प्रसंग काढून टाकला आणि गोष्टीला काहीच फरक पडला नाही तर तो फोडणीला आहे, तसं लिहा. संमती, वय, बॉस आणि हाताखालची मुलगी, या गोष्टी पण बघा, तो तिला "नाही" म्हणू देतो का, आणि ती म्हणाली तर ऐकतो का.

लिहायला बसाल तेव्हा कथानक चार ओळींत आटपा आणि साधारण पाव पुस्तकाच्या पुढचं काही सूचना दिल्याशिवाय फोडू नका. ट्रोपचं नाव द्या, फेक डेटिंग (प्रेमाचं नाटक) आहे, शत्रूचे प्रेमी होतात, स्लो बर्न (हळूहळू जमणारं प्रेम) आहे, लोक त्यावरूनच पुस्तक निवडतात. मग लगेच सांगा की या पुस्तकाने त्या ट्रोपचं काय केलं. समजा एका बेकरीवालीचं आणि बेकरी विकत घ्यायला आलेल्या माणसाचं पुस्तक आहे. "मस्त, क्यूट, एकदा वाचायला हरकत नाही" यातून मला काय कळलं? त्याऐवजी: "बेकरी वाचवायची की त्याच्यावर विश्वास ठेवायचा हा पेच २० टक्क्यांपासून पक्का आहे, पण (पुढे स्पॉयलर) शेवटी त्याचा एक श्रीमंत मित्र पैसे घेऊन येतो आणि तिला निवड करावीच लागत नाही." आता मी ठरवू शकते घ्यायचं का.

मला आवडलं नाही आणि लेखिकेला जमलं नाही ही दोन वेगळी वाक्यं आहेत, वेगळीच लिहा. मला अब्जाधीश नायक बघितला की जांभई येते, तो माझा प्रॉब्लेम, त्याचे स्टार कापत नाही.

"टाइमपास आहे, डोकं बाजूला ठेवून वाचा" हे वाक्य मात्र टाळा. प्रेमकथा म्हणजे हलकं, हे आपल्याकडे फार जुनं आहे. ना. सी. फडके (१८९४ ते १९७८) रोमँटिक कादंबऱ्या लिहीत होते आणि कलेसाठी कला की जीवनासाठी कला म्हणून त्यांचा आणि खांडेकरांचा वाद गाजत होता, त्यातही हाच सूर होता थोडा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे फडक्यांपेक्षा एक वर्षाने मोठं. आजीने फडके चोरून वाचले होते, मी पण चोरूनच वाचत होते, फक्त फोनमध्ये.

अर्ध्यात सोडलं असेल तर सोडलं म्हणून लिहा, किती टक्क्यांवर आणि कशामुळे ते सांगा, पण स्टार देऊ नका. पुस्तक फुकट मिळालं असेल, म्हणजे छापायच्या आधीची कॉपी वगैरे, तर पहिल्याच ओळीत कबूल करा. पूर्ण झाल्या झाल्या रात्री दीडला लिहू नका, एचईएची धुंदी असते, सगळ्याला पाच स्टार पडतात, सकाळी गाडीत बसून लिहा. आणि वाईट रिव्ह्यूत लेखिकेला टॅग करायचं नाही. चांगल्यात करा खुशाल.