चौकटीवर पाणी विणूया: टॅपेस्ट्रीची पहिली ओळख

पैठणीच्या पदरावरचा मोर भरतकामाने येत नाही, विणतानाच उमटतो. प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी काडी, वेगळी. तो रंग आपल्या हद्दीपर्यंत जातो आणि तिथूनच मागे फिरतो. टॅपेस्ट्रीचं, म्हणजे विणूनच चित्र उमटवलेल्या कापडाचं, तत्त्व हेच. इथे फक्त आडवा बाणा जाड घेऊन इतका ठासायचा की उभा ताणा दिसेनासा होतो. त्यासाठी येवल्यातल्यासारखा मोठा माग नको, ओटीवर भिंतीला टेकवता येईल एवढी चौकट पुरते.

सुताराकडून साधारण ४० बाय ५० सेंटिमीटरची चौकट करून घ्या. लाकूड पुरतं वाळलेलं हवं. ओली आंब्याची फळी मागाहून वाकते. वरच्या आणि खालच्या पट्टीवर सेंटिमीटरच्या अंतराने चुका (बारीक खिळे) ठोका. त्या किंचित पुढेमागे असल्या की लाकूड चिरत नाही. ताण्याला पिळदार सुती दोरा घ्या. जाळ्यांच्या दुकानातला नायलॉन सहज मिळतो, पण तो ताणला जातो आणि त्याच्या गाठी निसटतात. दोरा चुकांना अडकवत वर-खाली न्या, सेंटिमीटरमागे दोन धागे बसतील. पहिल्या कामाला २० सेंटिमीटर रुंदी भरपूर झाली. पावसाळ्यात दमट हवेने ताण बदलतो, म्हणून बसण्याआधी धागे बोटाने छेडून बघावेत.

बाण्याला जाड लोकर चालते. मला मात्र जुन्या सुती लुगड्यांच्या सेंटिमीटरभर पट्ट्या जास्त आवडतात, धुऊन धुऊन विटलेला तो रंग विकत मिळत नाही.

एक धागा वर, एक खाली अशी फूटपट्टी ओवून उभी करा, मधून बाणा न्या. परतताना उलटे धागे सुईने उचला. सुरुवातीला नि शेवटी चार-सहा ओळी ताण्याच्याच दोऱ्याने विणा. बाणा कधीही सरळ ओढू नका. टेकडीसारखा उंच ठेवा, मधे बोटाने दाबा, मग काट्याच्या चमच्याने खाली ठोका. हे चुकलं की कडा आत येतात आणि तुकडा कमरेत बारीक होतो.

आता खरी गंमत. माड, होडी, सूर्य राहू द्या, आधी पाणी विणा. दोन ओळी निळ्या, दोन करड्या असं करत गेलात की बारीक नागमोडी रेघा आपोआप उमटतात. तेच एकेक ओळ आलटूनपालटून घेतली तर उभे पट्टे येतात! भरतीच्या वेळी किनाऱ्यावर बसून बघा, निळा किती थोडा आणि करडा, मातकट किती जास्त, ते कळेल. वर जांभ्याच्या तांबड्या रंगाचा डोंगरकडा चढवा. दोन रंग एकाच उभ्या रेषेवर मागे फिरले तर मधे फट राहते. ती नंतर शिवा, किंवा हद्द दर ओळीला एक धागा सरकवत तिरकी न्या.

संपल्यावर ताण्याचे दोन-दोन धागे कापून लगेच गाठी मारा, टोकं मागे ओवा. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, बुरशी धरते.