फॉर्म उघडण्याआधी नावं जुळवा

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी कोणी ना कोणी प्लास्टिकची फाइल घेऊन येतंच. "काकू, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय, जरा बघता का?" दोन्ही मुलींचे फॉर्म मी भरले, तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आलंय.

मी आधी फॉर्म उघडतच नाही. जेवायचं टेबल रिकामं करते. त्यावर दहावीची मार्कशीट, आधार, समग्र (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), पासबुक, उत्पन्नाचा आणि मूळ निवासीचा (डोमिसाइलचा) दाखला ओळीने मांडायचे. मग कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी उतरवायची, स्पेलिंगसकट. नुसतं बघून चालत नाही, लिहायला लागलं की चूक दिसते.

इंदूरच्या मराठी घरांत घोळ इथेच निघतो. मागे शेजारचा एक मुलगा आला होता, आडनाव मुळे. हिंदीवाले 'ळ' लिहीत नाहीत, त्यामुळे समग्रमध्ये त्याचं झालं होतं 'मुले'. त्याची आजी म्हणाली, "आहेतच की अजून मुले!" हसलो खरे, पण पुढे बघतो तर इंग्रजीत मार्कशीटवर शेवटी 'वाय' आणि आधारवर नाही. त्यात आपली मध्ये वडिलांचं नाव घालायची पद्धत. आधारवर तीन शब्द, मार्कशीटवर दोन. कंप्यूटरच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. आईचं तर विचारूच नका. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं.

दहावीची मार्कशीट पाया धरा. बोर्डाचा कागद दुरुस्त करून घेणं सगळ्यात जिकिरीचं, म्हणून बाकीचे कागद तिच्याबरहुकूम करून घ्यायचे. आधी आधार, मग समग्र, कारण समग्रचं ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आधारवरूनच होतं. बँक शेवटी. क्रम चुकला की दुप्पट चकरा. ही कामं परीक्षा संपली की लगेच काढा; निकालानंतर कियोस्कवर (ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रावर) रांग असते आणि "आंटी, सर्वर डाउन है" हेही ठरलेलं.

समग्रचे नंबर दोन असतात. कुटुंबाचा 8 अंकी, माणसाचा 9 अंकी. राज्याच्या फॉर्मला मुलाचा 9 अंकी लागतो, आणि लोक घाईत हटकून दुसराच सांगतात.

योजना कोणती, त्यावर कागद थोडे बदलतात. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत राज्याच्या बोर्डाला बारावीत 70 टक्के लागतात, सीबीएसईला 85, आणि मूळ निवासी हवंच. केंद्राच्या सेंट्रल सेक्टर योजनेत घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत 12,000 रुपये वर्षाला मिळतात. उत्पन्न म्हणजे एकट्या बाबांचा पगार नव्हे. आई शिकवण्या घेत असेल तर तेही धरा, आणि दाखल्यावर जो आकडा आहे तोच फॉर्मवर लिहा.

बँकेच्या बाबतीत मी स्वतः फसले आहे. थोरलीचा फॉर्म मंजूर झाला, कॉलेजजवळ तिचं नवं खातं उघडलं होतं, फॉर्मवर तेच लिहिलं. चार महिने आम्ही त्या खात्यात डोकावत होतो, पण एक पैसा नाही. शेवटी सहज म्हणून तिच्या शाळेच्या वेळचं जुनं पासबुक भरून आणलं, तर रक्कम कधीचीच तिथे पडलेली! आधारवरून येणारा सरकारी पैसा डीबीटीसाठी (थेट खात्यात पैसे जमा होण्यासाठी) आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. म्हणून बँकेत "आधार लिंक आहे का?" एवढंच विचारू नका, हो म्हणून मोकळे होतात. "डीबीटीसाठी एनपीसीआयमध्ये हेच खाते मॅप आहे का?" असं विचारा. कोणत्या आधारला कोणती बँक, ही नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये बँकेचं नाव घरबसल्याही दिसतं.

स्कॅन करताना लॅमिनेट केलेल्या कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि नेमका नंबरच पुसट होतो. खिडकीजवळ, दिवसा काढा, चारही कोपरे दिसू देत. फाइल पोर्टल म्हणेल तेवढ्या केबीत बसवल्यावर पुन्हा उघडून शिक्का वाचता येतो का, ते बघा.

फॉर्म भरला तरी तो कॉलेजने ऑनलाइन तपासून पुढे पाठवावा लागतो. प्रिंट आणि मूळ कागद घेऊन तिथल्या बाबूंना भेटा आणि आठ दिवसांनी स्टेटस उघडून बघा. केंद्राच्या योजनेत दर वर्षी नूतनीकरण असतं, म्हणून अर्जाची प्रिंट आणि सगळे कागद एका फाइलमध्ये जपून ठेवा. आमच्याकडे ती फाइल फडताळात असते, रेशनकार्डाच्या वर आणि पत्रिकांच्या खाली.